गेटवर भेटू

आमच्या शहरात पत्ता सांगताना गल्ली-नंबर कोणी सांगत नसे. गेट सांगितलं की काम भागत असे. "पैठण गेटला उतर, तिथून गुलमंडीकडं चालत ये." "रोशन गेटच्या थोडं पुढं." "दिल्ली गेटापाशी थांब, भाऊ सायकल घेऊन येतोय." घरात मराठी बोला, उर्दू बोला नाहीतर मारवाडी, रस्त्यावर आलं की सगळ्यांचं गेटच. काला दरवाजा आणि रंगीन दरवाजा असे थोडे आपलं दरवाजापण राखून राहिले, बाकीच्यांना हे इंग्रजी शेपूट असं काही चिकटलं की ते उपरं आहे हे आम्हाला शाळेत सांगावं लागलं. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण रिक्षावाल्याला आजही "भडकल गेट" म्हणूनच सांगायचं असतं.

हे भडकल गेट सगळ्यांत जुनं. मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आमचं हे शहर, वसवलं आणि दोन वर्षांनी, मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून, हे उभं केलं. तट नंतरचा, औरंगजेबाच्या काळातला, १६८२ चा. म्हणजे आमच्या गावात आधी दार झालं आणि सत्तर वर्षांनी भिंत. जाताना मात्र भिंत आधी गेली. लोकांनी तटाचे दगड घरांच्या जोत्याला लावले, रस्त्यांनी उरलासुरला तट खाल्ला आणि दारं चौकाचौकांत एकटी पडली. शहर 'बावन्न दरवाजांचं' म्हणून प्रसिद्ध, पण आज बोटांवर मोजावीत इतकीच शिल्लक आहेत. मकई गेटाखालून मी कॉलेजला सायकलनं जायची तेव्हा समोरून बैलगाडी आली तर उतरून भिंतीला टेकून उभं राहावं लागे. दगड उन्हाळ्यातही गार असायचे. दरवाजाच्या फळीवर मोठे लोखंडी खिळे होते, हत्तीनं डोकं लावू नये म्हणून ठोकलेले. त्यांच्यावर हात फिरवल्याशिवाय आमच्यातली एक मैत्रीण पुढं जातच नसे. परीक्षेच्या दिवशी तर नाहीच.

"गेटवर भेटू" हे त्या काळातलं आमचं सगळ्यांत वापरातलं वाक्य असेल. फोन नव्हते. एकदा ठरलं की ठरलं, बदलायची सोयच नव्हती. सत्तरच्या दशकात मुलींनी हॉटेलात बसायचं नाही, बागेत बसायचं नाही, दुसऱ्याच्या घरी उगाच जायचं नाही. गेटवर मात्र उभं राहता यायचं, कारण गेट म्हणजे वाटेवरची जागा. कोणी विचारलं तर "बस यायचीय" एवढं पुरे. बस दोनदा येऊन गेली तरी कोणी हटकत नसे. हटकणारे होते, नाही असं नाही. आमच्या गल्लीतले एक मास्तर रोज संध्याकाळी तिथं वर्तमानपत्र वाचत उभे राहत आणि घरी जाऊन कोण कोणाशी बोलत होतं याची खबर देत. पण त्याच मास्तरांनी, मी एकदा चक्कर येऊन पडले तेव्हा, नाव-गाव न विचारता मला टांग्यात घालून घरी आणलं. मी कोणाची हे त्यांना ठाऊक होतं. गेटवर उभ्या असणाऱ्या कोणालाही ठाऊक असायचं.

आठवणी सांगताना सगळंच गोड करून सांगायचा मोह होतो, म्हणून दुसऱ्या एका गेटाचंही सांगते. मामा मुंबईत परळला गिरणीत होते. बदली कामगार. पहाटे भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, आज कोणी खाडा केला तर त्याच्या जागी आत. कोणाला घ्यायचं ते जॉबर ठरवणार आणि जॉबरला खूश कसं ठेवायचं हे बदलीवाला पहिल्या आठवड्यातच शिकणार. नंबर लागला नाही की डबा तसाच घेऊन खोलीवर परत. सुटीत मामा आमच्याकडं आले की पहाटे आपोआप उठून बसायचे आणि मग हसून पुन्हा झोपायचे. पाळी सुटली की गेटवर झडती. सुताची गुंडी, कापडाचा तुकडा कोणी नेत नाही ना, हे बघायला हात वर करून एकेकानं पुढं सरकायचं. मामा ही गोष्ट सांगताना कधी हसले नाहीत.

त्याच गेटवर सभा व्हायच्या. गेट मीटिंग हा शब्द गिरणगावात लहान पोरालाही कळायचा. पाळी बदलताना बाहेर पडणारे आणि आत जाणारे दोघंही सापडतात, म्हणून ती वेळ धरायची. स्टुलावर उभं राहून पुढारी दहा मिनिटं बोलणार आणि भोंगा झाला की अर्धे आत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी ते गेट पुन्हा उघडलंच नाही. मामा गावी परतले आणि शेवटपर्यंत "संप अजून मिटलेला नाही" असंच म्हणत राहिले. कागदोपत्री ते खरंही होतं, संप मागं घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे आणि धुराडं शोभेला ठेवलं आहे. मुलीनं मला तिथं नेलं तेव्हा गेटवर पर्स उघडून दाखवावी लागली, हात बाजूला करून यंत्रातून जावं लागलं. तेव्हा बाहेर पडताना झडती होती, आता आत शिरताना आहे. मामांना हे सांगायला हवं होतं.

आमच्याकडं चिकलठाणा आणि वाळूजच्या एमआयडीसीत गेट मीटिंग अजून होतात, पण त्यांत तो जोर नाही. निम्मी माणसं ठेकेदाराची, ती उभी राहिली तर दुसऱ्या दिवशी पंचिंगच्या यंत्रात त्यांचा अंगठा लागत नाही.

एक गेट मात्र असं आहे की ज्याच्यापुढं आजही लाखो माणसं उभी राहतात. विद्यापीठाचं गेट. मी शिकले तेव्हा त्यावर 'मराठवाडा विद्यापीठ' एवढंच होतं आणि आम्हाला त्यात काही कमी आहे असं वाटत नव्हतं. तसं वाटायला आमच्यावर वेळ आली नव्हती, हे त्याचं खरं कारण. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. गावोगाव दलित वस्त्या जळल्या, माणसं मारली गेली. आमच्या वर्गातली एक मुलगी त्या पावसाळ्यात नांदेडकडच्या आपल्या गावी गेली ती परीक्षेलाही आली नाही. ठराव अमलात आला नाही. मोर्चे, लाँग मार्च, तुरुंगवास, आत्मदहनं, एवढं सगळं होऊन १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. गेटावरची पाटी बदलायला सोळा वर्षं लागली.

आता दर वर्षी १४ जानेवारीला तिथं या म्हणजे गेट या शब्दाचा एक वेगळाच अर्थ बघायला मिळेल. महाराष्ट्रभरातून गाड्या भरून लोक येतात. म्हाताऱ्या बाया गेटापुढं चपला काढतात, कमानीच्या दगडाला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात. आत विद्यापीठात त्यांचं काही काम नसतं. गेटापर्यंतच यायचं असतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पुस्तकांची दुकानं लागतात. निळे झेंडे, भीमगीतं, अन्नदानाच्या रांगा, आणि त्या गर्दीतही लोक पिशव्या भरभरून पुस्तकं घेतात. एका वर्षी मी एका विक्रेत्याला विचारलं की काय जास्त खपतं, तर तो म्हणाला, "बाई, संविधान. ते संपलं की मग बाकीचं." गेट ही गोष्ट मुळात कोणाला आत घ्यायचं नि कोणाला नाही हे ठरवायला असते. ज्यांना शतकानुशतकं दाराबाहेर ठेवलं त्यांनी तेच आपलं केलं, हे मी माझ्या डोळ्यांदेखत घडताना पाहिलं आहे. लहानपणची गेटं किती छान होती हे सांगताना मला म्हणूनच थोडं जपून बोलावं लागतं.

मधल्या काळात हे शेपूट भलत्याच गोष्टींना लागलं. १७ जून १९७२ ला वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट नावाच्या इमारतीत विरोधी पक्षाच्या कचेरीत चोर पकडले गेले, दोन वर्षांनी निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला, आणि तेव्हापासून कुठंही भानगड झाली की तिला गेट जोडायची पद्धत पडली. आपल्याकडं कोळसा खाणींच्या वाटपाचं प्रकरण निघालं तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याचं कोलगेट केलं. आमच्या सासूबाईंना ते कळेना. त्यांच्या लेखी कोलगेट म्हणजे दात घासायचं, मग ते कोणत्याही कंपनीचं असो. "दुकानात जाऊन डाबरचं कोलगेट आण" हे वाक्य मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात कोणालाही खटकणार नाही.

मी स्वतः तीस-पस्तीस वर्षं गेटंच शिकवली. तंत्रनिकेतनात डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स. १९८० च्या दशकात खेड्यातून आलेली पोरं दहावी होऊन थेट आमच्याकडं यायची, आणि फळ्यावर इंग्रजी डी सारखी आकृती काढून "हे अँड गेट" म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. मग मी घर काढायची. आई आणि बाबा दोघंही हो म्हणाले तरच सिनेमाला जायला मिळतं, ते अँड गेट. दोघांपैकी कोणीही एक हो म्हणालं तरी चालतं, ते ऑर गेट. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "आणि आमचे आजोबा नॉट गेट. हो म्हटलं की नाही, नाही म्हटलं की हो." तो पुढं चांगला इंजिनिअर झाला.

प्रात्यक्षिकाला ७४०८ चा आयसी द्यायची. काळा, बोटाच्या पेराएवढा, चौदा पायांचा, आत चार अँड गेटं. एका टोकाला अर्धगोल खाच, ती डावीकडं धरायची, सातव्या पायाला ग्राउंड, चौदाव्याला पाच व्होल्ट. दर वर्षी कोणीतरी तो उलटा बसवायचा. सप्लाय चालू केला की आधी काही कळत नसे, मग कोणीतरी बोट लावायचं आणि "मॅडम, गेट तापलं" म्हणून ओरडायचं. जळक्या प्लास्टिकचा तो वास लॅबमधून संध्याकाळपर्यंत जात नसे. आयसी मोजून दिलेले, रजिस्टरला नोंद, फुटला-जळला तर मुलाच्या डिपॉझिटमधून वळते. त्यामुळं पुढच्या वेळी खाच बघितल्याशिवाय कोणी हात लावत नसे. निवृत्तीच्या आधी दोन-तीन वर्षं हे सगळं संगणकाच्या पडद्यावर गेलं. माउसनं गेट ओढायचं, ठेवायचं, तार जोडायची. चुकलं तर लाल रेघ दिसते, मागं घ्यायचं. तापत काही नाही. आजच्या फोनच्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांच्यातही गेट नावाचा भाग असतोच. एवढी गेटं खिशात घेऊन फिरणाऱ्या पिढीनं एकही गेट बोटानं चाचपलेलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. हा शिक्षकी हट्ट आहे म्हणा हवं तर.

सासर माझं अंबड तालुक्यातलं, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचं. तिथं गेट म्हणजे पाणी. धरण १९७६ साली पुरं झालं, त्याला सत्तावीस दरवाजे, आणि मराठवाड्यात पावसाळा कसा झाला हे आजही एकाच प्रश्नानं कळतं, गेट उघडले का? बातमी ठरलेली, अमुक इतके दरवाजे अर्ध्या फुटानं उचलले. पूर्वी ती रेडिओवर लागायची आणि नदीकाठच्या गावांत दवंडी फिरायची. आता पहिलं पाणी खाली पडायच्या आत व्हिडिओ फोनवर येतो. पुढच्या रविवारी निम्मं शहर पैठणला, आणि रस्त्याकडेला भज्यांच्या कढया. २००६ च्या ऑगस्टमध्ये एवढं पाणी सोडावं लागलं की पैठण शहरातच शिरलं, तेव्हा भजी कोणाला सुचली नाहीत. आणि पाऊसच नसला तर ही सगळी गेटं वर्षानुवर्षं बंद, मृतसाठ्याकडं बघत.

शेतात मात्र गेट हा शब्द पोचलाच नाही. तिथं दारं. "दादा कुठं गेले?" "दारं धरायला." नवी सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी घराची दारं. सासऱ्यांनी एका रात्री सोबत नेलं. पाळी रात्रीची लागली होती. चारीतून पाणी आलं, सरीतून वाफ्यात शिरलं. सासरे पायात काही न घालता फावडं घेऊन उभे. वाफा भरला की तोंडाशी फावडंभर माती टाकायची, दार बंद. पुढच्या वाफ्याची माती ओढायची, दार उघडं. अंधारात वाफा भरला हे पाण्याच्या आवाजावरून कळतं, ते त्यांनी मला ऐकवलं. भरत आलेल्या वाफ्याचा आवाज बसका होतो. पाटकऱ्यानं वरचं गेट वेळेआधी फिरवलं तर शेवटचे वाफे कोरडे, मग सकाळी त्याच्याशी भांडण, आणि संध्याकाळी त्यालाच चहा, कारण पुढची पाळीही त्याच्याच हातात. आता दिराच्या शेतात ठिबक आहे. मोटर फोनवरून चालू होते. वॉल्व फिरवला की झालं. रात्री साप-विंचवात उभं राहायची वेळ गेली हे उत्तमच झालं. दिराच्या मुलाला मी विचारलं, दारं धरतोस का रे, तर त्यालाही आधी कळलं नाही.

निवृत्तीनंतर आम्ही शहराच्या नव्या भागात फ्लॅट घेतला. सोसायटीला भलंमोठं गेट आहे, आपोआप सरकणारं, वर कॅमेरे. शेजारी केबिन, त्यात गार्ड. पूर्वी वाड्याला असायचा तसला दिंडी दरवाजा इथंही आहे, मोठ्या दारात लहान दार. वाड्यात त्यातून वाकून जावं लागे, इथं कार्ड टेकवावं लागतं. कोणी आलं की गार्ड ॲपवर नाव टाकतो, आमचा फोन वाजतो, आम्ही होकार द्यायचा, मग पाहुण्याला आलेला आकडा त्यानं गार्डला सांगायचा, मग गार्डनं फोटो काढायचा. मागच्या महिन्यात धाकटी बहीण आली. तिचा फोन बंद पडलेला, मी अंघोळीला. ती अर्धा तास बाहेर उन्हात उभी. गार्ड तिला ओळखत होता, माझी बहीण आहे हे त्याला पक्कं माहीत होतं, पण ॲपमध्ये 'ओळखतो' असं बटण नाही. मी त्याला बोलले नाही. त्याची नोकरी आहे.

माझ्या विद्यार्थ्यांना हे एका ओळीत कळेल. पैठण गेट, मकई गेट, आमच्या गल्लीचं तोंड, ही सगळी ऑर गेटं होती. कोणीही एकानं ओळखलं तरी तुम्ही आत. सोसायटीचं अँड गेट आहे. यजमानाचा होकार आणि आकडा आणि फोटो आणि कमिटीचा नियम, सगळे हो म्हणाले तरच. गिरणीचं गेट तेव्हाही अँडच होतं, विद्यापीठाचंही बऱ्याच जणांसाठी तसंच होतं, हे विसरून चालणार नाही. फरक एवढाच की तेव्हा ज्यांना थांबवलं जायचं ते गेटवर थांबू तरी शकत होते. तिथं सावली असायची, चहाची टपरी असायची, उन्हाळ्यात पाणपोई लागायची, शेजारी दुसरा कोणीतरी थांबलेलाच असायचा. आमच्या गेटवर थांबायला जागाच ठेवलेली नाही. सामान आणणारी पोरं पाठीवर पिशव्या घेऊन तापल्या डांबरावर उभी असतात आणि वरून आवाज येतो, "गेटवरच ठेवून जा."

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय घाला: गेटबाहेर एक बाकडं, त्यावर पत्र्याची का होईना सावली, आणि पाण्याचा माठ. खर्च दिवाळीच्या रोषणाईपेक्षा कमी येतो, मी हिशेब काढून ठेवला आहे. कोणी हरकत घेतलीच, तर सभा तहकूब करून त्याला मे महिन्यातल्या एका दुपारी फोनशिवाय गेटबाहेर उभं करा आणि मग मतदान घ्या.